पदवीवाचून विद्या : तीन शिक्षकांची कथा आणि एक दुरुस्ती



स्मरणिकेसाठी यंदाही काही ऐतिहासिक लिहून द्यावे, असा चिटणिसांचा निरोप आला तेव्हा प्रथम मन कचरले. प्रस्तुत लेखक अवघा मॅट्रिक. पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन त्याने खेड्यापाड्यांतील शाळांतून हयात घालविली आणि वयोमानानुसार तो निवृत्त झाला. इतिहासाची पदवी त्याच्यापाशी नाही. त्यात आणखी असे की, काही वर्षांपूर्वी याच स्मरणिकेत लिहिलेल्या एका लेखात त्याच्या हातून मोठी चूक घडली आहे. ती कबूल केल्यावाचून पुन्हा लेखणी हाती धरण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मनाने घेतले. म्हणून या लेखाच्या उत्तरार्धात ती दुरुस्ती दिली आहे. परंतु ती चूक कोणत्या विद्येने उमगली आणि ती विद्या पदवीवाचून आपणां सामान्यांना कशी साधते, हे आधी सांगणे युक्त होईल.

आपल्याकडे एक समज दृढ आहे. मनुष्य आधी विद्वान होतो व मग लिहितो, असा तो समज होय. थोरांची चरित्रे वाचली म्हणजे क्रम पुष्कळदा उलटा दिसतो. मनुष्य लिहावयास बसतो, पहिल्याच पानावर अडतो, आपल्याला काय ठाऊक नाही ते त्याला तेथे कळते, आणि ते शोधण्यासाठी तो उठतो. असे वर्षानुवर्षे उठबस करता करता तो विद्वान होतो. समर्थांनी नित्य लेखन-वाचनाचा उपदेश केला त्यातील मर्म हेच असावे. याची साक्ष म्हणून तीन पुरुषांची नावे येथे सांगतो. तिघेही शाळामास्तर होते आणि तिघांच्याही नावापुढे विश्वविद्यालयाची पदवी नव्हती.

पहिले शंकर बाळकृष्ण दीक्षित. यांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून ते शिक्षक होऊन बाहेर पडले आणि पुढील आयुष्य शाळांच्या नोकरीत, बदलीच्या गावांतून गेले. त्या काळी पंचांगाचा मोठा वाद माजला होता. कोणते गणित खरे, कोणते ग्रहण कोणत्या पंचांगाशी जमते, याची चर्चा गावोगाव चाले. दीक्षितांनी त्या वादात नुसते मत दिले नाही. आपले ज्योतिष मुळात कोठून आले, कोणत्या ग्रंथात कोणते मान आहे, कोणी कोणाचे घेतले व कोणी स्वतः वेध घेतले, हे त्यांनी एकेक ग्रंथ मिळवून, त्यातील गणित स्वतः करून पाहून टिपून ठेवले. त्या टिपणांतून ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला व १८९६ साली छापला गेला. वेदकाळापासून आपल्या काळापर्यंतचा ज्योतिषाचा एवढा साद्यंत इतिहास तोवर कोणीही लिहिलेला नव्हता, आणि तो एका शिक्षकाने मराठीत लिहिला.

दीक्षितांच्या पद्धतीचे एक उदाहरण पुरे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका नक्षत्र पूर्व दिशेपासून ढळत नाही, अशा अर्थाचा उल्लेख आहे. पुष्कळांनी तो वाचला असेल. दीक्षितांनी त्याचे गणित मांडले. आज कृत्तिका थेट पूर्वेस उगवत नाहीत. त्या पूर्वेच्या पुष्कळ उत्तरेस उगवतात. मग त्या नेमक्या पूर्वेस केव्हा उगवत असतील? अयनगतीचा हिशेब करून त्यांनी तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा काढला. या अनुमानावर पुढे विद्वानांत वाद झाले व ते आजही मिटलेले नाहीत. परंतु वाद करणाऱ्यालाही दीक्षितांचे गणित आधी तपासावे लागते. फ्लीट या इंग्रज विद्वानाने गुप्त राजांच्या शिलालेखांचा संग्रह १८८८ साली प्रसिद्ध केला. गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० च्या सुमारास पडतो, हे ठरविताना लेखांतील तिथिवारांचे गणित त्यांना दीक्षितांनी करून दिले होते. रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर दीक्षितांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथही लिहिला. तोही १८९६ सालचाच. एवढे करणाऱ्या या पुरुषाला पुरी पंचेचाळीस वर्षेही आयुष्य लाभले नाही. १८९८ साली ते वारले. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या मराठी ग्रंथाची हिंदी व इंग्रजी भाषांतरे झाली.

दुसरे वासुदेवशास्त्री खरे. जन्म १८५८, गाव कोकणातले गुहागर. मिरजेच्या हायस्कुलात ते संस्कृतचे शिक्षक होते. पाठीमागे जुन्या परंपरेचे संस्कृत अध्ययन होते, परंतु इतिहासाचे शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते. नाना फडनविसांचे चरित्र लिहावे असे त्यांनी मनावर घेतले आणि ते १८९२ साली प्रसिद्ध केले. ते लिहिताना अस्सल कागदांची गरज त्यांना किती तीव्रतेने भासली असेल, याची कल्पना ज्याने असे काही लिहावयास घेतले असेल त्यालाच येईल. मिरज हे पटवर्धन सरदारांचे ठिकाण. त्यांच्या दप्तरांत मराठेशाहीच्या उत्तरकाळातील हजारो पत्रे पडून होती. शास्त्रीबुवांनी ती वाचून, निवडून, नकलून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापण्यास आरंभ केला. त्यांच्या हयातीत त्याचे १२ भाग निघाले. १९२४ साली ते वारले. उरलेले काम पुढे त्यांच्या चिरंजीवांनी चालविले.

या लेखसंग्रहाचा विशेष मला एका शिक्षकाचा विशेष वाटतो. शास्त्रीबुवांनी पत्रांचा नुसता ढीग छापला नाही. पत्रांच्या प्रत्येक गटाआधी त्या काळातील घडामोडींचे सुसंगत निवेदन त्यांनी स्वतः लिहून जोडले. वर्गात धडा शिकविण्यापूर्वी आपण मुलांना पाठीमागची गोष्ट सांगतो, त्यातलाच हा प्रकार. या निवेदनांमुळे आपल्यासारख्या सामान्य वाचकालाही ती पत्रे वाचता येतात. शिवाय पत्र कोणते आणि शास्त्रीबुवांचे स्वतःचे म्हणणे कोणते, हे दोन्ही वेगळे राहते. हा भेद लक्षात ठेवावा. पुढे माझ्या चुकीच्या प्रसंगी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

तिसरे गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावी १८६० साली भंडारी समाजात यांचा जन्म झाला. मुंबईस विल्सन हायस्कुलात त्यांनी शिक्षकी केली. ज्या समाजात लिहिण्यावाचण्याची परंपरा पिढीजात नव्हती, त्यातून आलेल्या या पुरुषाने गौतम बुद्धाचे चरित्र १८९८ साली व छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र १९०६ साली मराठीत प्रसिद्ध केले. शिवचरित्राच्या आधारे पुढे १९२१ साली ताकाखाव यांनी इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा या मास्तरांचे परिश्रम परदेशातील वाचकांपर्यंत पोहोचले.

केळुसकरांच्या लेखनाचे आणखी एक फळ त्यांच्या हयातीनंतर दिसले. १९०७ साली भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिक झाला. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी ही त्या वेळी मोठी गोष्ट होती, म्हणून मुंबईस त्याच्या अभिनंदनाची सभा भरली. त्या सभेत केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे सयाजीराव महाराज गायकवाडांकडून भीमरावांना शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचाच पुढाकार होता. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूर येथे बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बुद्धधम्माचा स्वीकार केला. बुद्धाकडे आपले लक्ष प्रथम त्या लहानपणच्या पुस्तकाने वेधले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. केळुसकर १९३४ सालीच गेले होते. शाळेच्या वेळेबाहेर बसून लिहिलेले एक पुस्तक किती दूर जाईल, हे ते लिहिणाऱ्याला कधीच ठाऊक नसते.

हे तिघे एकेकटे झटले. परंतु एकट्याने लिहिण्यात एक धोका असतो; आपली चूक आपल्याला दिसत नाही. तो ओळखूनच इतिहासाचार्य राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. कोणाला जुने पत्र सापडले, कोणाला नाणे सापडले, की त्याने टिपण लिहावे, ते मंडळात वाचून दाखवावे आणि इतरांनी त्यावर आक्षेप घ्यावेत, अशी तेथील रीत. पदवीधर आणि बिनपदवीचे तेथे एका पंगतीत बसत. कागद पुढे ठेवा, मग बोला, हाच काय तो नियम. मंडळाच्या इतिवृत्तांतून व १९२० पासून निघू लागलेल्या त्रैमासिकातून ही टिपणे छापली गेली. एकाने चूक करावी व दुसऱ्याने ती पुढच्या अंकात दाखवावी, यात कोणाला कमीपणा वाटत नसे असे मी म्हणत नाही; भांडणे पुष्कळ झाली. पण चूक छापील राहिली, तशी दुरुस्तीही छापील राहिली.

आता माझ्या दुरुस्तीकडे वळतो.

आमचे मूळ गाव माणदेशातले. घरी देवघराच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक मोडी कागद लावलेला असे. त्यावर वरच्या बाजूस गोल शिक्क्याची पुसट खूण होती. हा कागद म्हणजे छत्रपतींनी आमच्या पूर्वजांस दिलेली सनद होय, असे आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. शके १५९९ हा आकडा त्यावर आहे, असे वडील सांगत. शके १५९९ म्हणजे इसवी सन १६७७. महाराज त्या वेळी दक्षिणदिग्विजयावर होते. तेव्हा आमचा मूळपुरुष त्या स्वारीत पराक्रम गाजवून जमीन मिळवून आला, अशी कथा त्यातून तयार झाली. मला मोडी येत नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली आणि आमची पिढी तिला मुकली. तरीही ऐकीव गोष्ट खरी धरून मी या स्मरणिकेत ‘आमच्या कुळाची सनद’ हा लेख लिहिला. तो ज्ञातिबांधवांना आवडला. पुढे संमेलनाच्या फलकावर त्यातील ओळी झळकल्या, आणि एका मुलीने वक्तृत्व स्पर्धेत तीच कथा सांगून बक्षीस मिळविले.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला, म्हणून मोडीच्या वर्गात नाव घातले. साठी उलटलेला विद्यार्थी पाहून तरुण मुले हसत, मीही हसे. वर्षभरात वळण बऱ्यापैकी बसले. तेव्हा एके दिवशी चौकट भिंतीवरून उतरविली, काच काढली आणि कागद जसाच्या तसा वहीत नकलू लागलो. नक्कल करताना शब्द गाळता येत नाही. अडलेला प्रत्येक शब्द सोडवावाच लागतो. तिसऱ्या ओळीपाशी येईतो हात थांबला. तेथे ‘गहाण’ हा शब्द होता.

ती सनद नव्हती. ते गहाणखत होते. रुपये ६५ कर्जाऊ घेऊन त्यापोटी निम्मी जमीन सावकाराकडे लावून दिल्याचा तो मजकूर. शिक्का छत्रपतींचा नव्हता, इंग्रज सरकारच्या मुद्रांक कागदाचा होता. शकाचा दुसरा आकडा घडीवर आल्याने झिजला होता. तो पाच की सात हे डोळ्यांनी ठरेना. परंतु मजकुरात संवत्सराचे नाव स्पष्ट होते : ईश्वर. येथे मला दीक्षित आठवले. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरेल तो प्रभवापासून मोजलेल्या संवत्सराचा क्रमांक. १५९९ धरले तर बाकी ५१ उरते, आणि एक्कावन्नावा संवत्सर पिंगल. १७९९ धरले तर बाकी ११ उरते, आणि अकरावा संवत्सर ईश्वर. शंकेला जागाच राहिली नाही. कागद शके १७९९ च्या आषाढातला, म्हणजे इसवी सन १८७७ मधला होता. दोनशे वर्षांचा पराक्रम एका भागाकाराने पुसला गेला.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र १८७७ साली काय घडत होते हे वाचावयास घेतले. १८७६ ते १८७८ हा दख्खनवरील मोठ्या दुष्काळाचा काळ. त्याच्या थोडे आधी, १८७५ साली, पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली होती. पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. ही नावे मी शाळेत मुलांना शिकविली होती. पण तो दुष्काळ आपल्या देवघराच्या भिंतीवर टांगलेला होता, हे मला ठाऊक नव्हते.

मग एक प्रश्न पडला. खत सावकाराकडे असावयाचे. ते आमच्या घरी कसे? कागद उलटून पाहिला. भिंतीकडची ही बाजू कित्येक वर्षांत कोणी पाहिली नव्हती. पाठीमागे वेगळ्या हाताने दोन ओळी होत्या : रक्कम व्याजासह भरून पावलो, दावा राहिला नाही, शके १८१०, सर्वधारी संवत्सर. हा शकही पडताळून पाहिला, बरोबर जमला. म्हणजे आमच्या पणजोबांनी अकरा वर्षे कर्ज फेडले, जमीन सोडविली आणि खत परत आणले. त्यांनी दहाबारा वर्षे पायांत जोडा घातला नाही, ही गोष्ट आजी सांगत असे. कोणत्या नवसापोटी, ते तिला सांगता येत नसे. त्या गोष्टीचा संबंध या कर्जाशी असेल असे मला वाटते. मात्र हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे. कागदात जोड्याचा उल्लेख नाही.

ही दुरुस्ती छापावी असे मी म्हटले तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेतले. “मास्तर, कशाला उगीच? समाजाची शोभा होईल. सनदच राहू द्या,” असे ते कळकळीने म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी त्यांना एवढेच विचारले, “दादा, सनद राजाने दिली असती, ही जमीन पणजोबांनी सोडविली. यांत अधिक अभिमानाचे कोणते?” ते काही बोलले नाहीत. पण घरी जाऊन त्यांनी आपल्या माळ्यावरचे बासन माझ्याकडे पाठवून दिले. त्याची नक्कल सध्या चालू आहे. काय निघेल ते निघो.

तरी ज्ञातिबांधवांस स्पष्ट सांगतो की ‘आमच्या कुळाची सनद’ या माझ्या लेखातील सनदेची व स्वारीची हकीकत निराधार आहे. ती कोणी पुढे सांगू नये. त्या कथेवर बक्षीस मिळविलेल्या मुलीची मी समक्ष भेटून क्षमा मागितली. ती म्हणाली, “आजोबा, मग मी पुढच्या वर्षी खरी गोष्ट सांगते.” तिला कागदाची नक्कल दिली आहे.

आता प्रत्येक कुटुंबास दोन शब्द विनंतीचे. आपल्या घरी जुना कागद असेल तर तो रद्दीत घालू नका, आणि मखरातही बसवू नका; आधी वाचवून घ्या. मोडी शिकविणारे वर्ग आजही चालतात. एक साधी वही करा. उजव्या पानावर कागदात आहे तेवढेच लिहा. डाव्या पानावर आपले अनुमान लिहा. ही दोन पाने कधी एक होऊ देऊ नका. वृद्धांकडून ऐकलेले असेल तर कोणाकडून, केव्हा ऐकले ते नोंदवा. शक, संवत्सर, तिथी, वार जे मिळेल ते पडताळून पाहा. लिहिलेले चार जणांत वाचून दाखवा आणि चूक निघाली तर ती जेथे केली तेथेच दुरुस्त करा. यासाठी पदवी लागत नाही, धनही फारसे लागत नाही. वही लागते, आणि आपण चुकलो असे म्हणण्याची तयारी लागते. घरातील माताभगिनींनी हे काम विशेषकरून हाती घ्यावे. कुळाच्या कथा त्यांच्याच तोंडी टिकल्या आहेत, आणि खरे-खोटे निवडण्याची दृष्टीही त्यांच्यापाशी आहे.

दीक्षित, खरे व केळुसकर यांच्या पंक्तीस बसण्याची आपली योग्यता नाही. परंतु त्यांनी ज्या वाटेने प्रवास केला ती वाट कोणाच्या मालकीची नाही. आमच्या देवघरात आता तीच चौकट पुन्हा लावली आहे. कागद मात्र उलटा बसविला आहे. ‘भरून पावलो’ ही बाजू आता समोर असते. रोज सकाळी दिवा लावताना ती ओळ वाचतो आणि वही उघडतो.

कुलदैवताच्या कृपेने आपणां सर्वांकडून असे काही लिहिले जावो, एवढी प्रार्थना करून लेख पुरा करतो.